प्रकल्प व्यवस्थापन शिकायचंय? हातातल्या प्रकल्पापासून सुरू करा

आमच्या स्वयंसेवी संस्थेत नव्यानं आलेले कार्यकर्ते मला विचारतात, "ताई, प्रकल्प व्यवस्थापनाचा कुठला कोर्स करू?" कोर्स नंतर. आधी तुमच्याकडे आत्ता चालू असलेल्या प्रकल्पाचा मंजूर प्रस्ताव काढा आणि त्याची लॉगफ्रेम कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं पुन्हा मांडा.

लॉगफ्रेम म्हणजे चार ओळी आणि चार रकान्यांचा तक्ता. १९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तो तयार झाला. खालून वर वाचा: कामं, त्यातून हाती येणाऱ्या गोष्टी, त्यामुळे लोकांच्या आयुष्यात होणारा बदल आणि सर्वांत वर दूरचं ध्येय. रकाने असे: काय करायचं, ते झालं हे कशावरून ओळखायचं, पुरावा कुठे मिळेल, आणि शेवटचा, गृहीतकांचा.

हा शेवटचा रकाना बहुतेक जण प्रस्ताव पाठवायच्या आदल्या रात्री घाईघाईत भरतात. मीही तसाच भरला होता. मुलांसाठी संध्याकाळच्या वाचनवर्गाचा प्रकल्प होता. पुस्तकं वेळेत आली, वर्ग घेणाऱ्या ताया तयार होत्या. पण खोलीची किल्ली ज्यांच्याकडे, ते पाच वाजता घरी जात आणि आमचा वर्ग साडेपाचचा. 'संध्याकाळी खोली उघडी मिळेल' हे आम्ही सगळ्यांनी मनात धरलं होतं, कागदावर कुणीच लिहिलं नव्हतं. सहा आठवडे पुस्तकांचे खोके व्हरांड्यात बांधलेलेच राहिले. मुलं येऊन दाराला हात लावून परत जायची. ते मला अजून आठवतं.

म्हणून सराव असा करा: प्रत्येक कामापुढे 'हे होण्यासाठी आमच्या हातात नसलेलं काय घडावं लागेल?' हे लिहा. उत्तराशेजारी ते तपासणाऱ्या माणसाचं नाव आणि तारीख टाका. जोखमींची नोंदवही इथूनच तयार होते, वेगळी बनवावी लागत नाही.

मग वेळापत्रक, म्हणजे गँट चार्ट. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नको, एक्सेल पुरतं. डावीकडे कामं, वर आठवडे. शेवटच्या तारखेपासून मागे येत भरा आणि कुठलं काम कशावर अडून आहे ते बाणानं दाखवा. ज्या साखळीत एक दिवस उशीर झाला की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो, ती लाल करा. दर सोमवारी निदान तेवढी साखळी बघाच.

जबाबदाऱ्यांचं सूत्र एकच: एका कामाला उत्तर देणारं नाव एकच. मदतीला दहा जण चालतील. स्वयंसेवकांना तर काम, तास आणि कुणाला विचारायचं हे लिहूनच द्या. ते पगारासाठी आलेले नसतात, त्यांचा वेळ वाया गेला की ते काही न बोलता येणं थांबवतात.

बजेटकडे दर महिन्याला बघा: ठरलेलं, झालेलं, फरक आणि फरकाचं कारण. कंपनीत पैसे वाचले तर कौतुक होतं. आपल्याकडे निधी उरला याचा अर्थ बहुधा काम झालेलं नसतं, आणि निधी देणाऱ्यांशी केलेल्या अनेक करारांत तो परत करावा लागतो. खर्चाच्या एका हेडमधून (सदरातून) दुसऱ्यात किती रक्कम हलवता येते, हे करारात पहिल्याच दिवशी शोधा.

एवढं दोन-तीन महिने केलंत की मग अभ्यासाला बसा. पीएमफॉरएनजीओज या संस्थेची प्रोजेक्ट डीप्रो मार्गदर्शिका विकास क्षेत्रासाठीच लिहिलेली आहे आणि मोफत मिळते. त्यातलं समारोपाचं प्रकरण आधी वाचा. निधी संपल्यावर पुस्तकं कुणाची, किल्ली कुणाकडे, वर्ग कोण घेणार, हे सुरुवातीलाच गावातल्या लोकांसोबत बसून ठरवा आणि वेळापत्रकात त्यासाठी शेवटचे दोन महिने राखून ठेवा.