इंग्लंड-वेल्समध्ये घर भाड्यानं देताय? ईपीसीच्या या चुका टाळा

भाड्याच्या घराच्या ईपीसीला, म्हणजे ऊर्जा प्रमाणपत्राला, ए (सर्वांत चांगली) ते जी अशा श्रेणी असतात. १ एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांनाही किमान ई श्रेणी, म्हणजे ३९ गुण, बंधनकारक आहे. एफ किंवा जी श्रेणीचं घर सूट न नोंदवता भाड्यानं दिलं, तर ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वांत जास्त गुण जातात ते कागद हाताशी नसल्यामुळे. असेसर, म्हणजे घर तपासून हे प्रमाणपत्र देणारा मूल्यांकनकार, भिंत फोडून बघत नाही आणि तोंडी सांगितलेलं धरत नाही. कॅव्हिटी भिंतीत, म्हणजे मध्ये पोकळी असलेल्या दुहेरी भिंतीत, इन्सुलेशन (उष्णता रोखणारं साहित्य) भरलेलं असूनही त्याची खूण किंवा पुरावा मिळाला नाही, तर घर ज्या काळातलं आहे त्या काळची नेहमीची भिंत गृहीत धरली जाते. म्हणून इन्सुलेशनची हमी, खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचं फेन्सा प्रमाणपत्र, वाढीव बांधकामाचं बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम नियम तपासणाऱ्या विभागाचं) पूर्णत्व प्रमाणपत्र आणि बॉयलरचं मॉडेल एका फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कागदावर त्याच घराचा पत्ता हवा. असेसर येण्याआधी लॉफ्टची, म्हणजे छताखालच्या माळ्याची, झडप मोकळी करा. आत डोकावता आलं नाही, तर तिथेही अंदाजच धरला जातो.

दुसरी चूक महागात पडते: जुने स्टोरेज हीटर (रात्री उष्णता साठवून दिवसा सोडणारे) काढून भिंतीवर साधे इलेक्ट्रिक पॅनल हीटर लावणं. विक्रेता 'शंभर टक्के कार्यक्षम' म्हणतो आणि ते खरंही आहे. पण घराची श्रेणी ठरते ऊर्जेच्या खर्चावर, आणि विजेचं युनिट गॅसच्या कितीतरी पट महाग असतं. स्टोरेज हीटर रात्रीच्या स्वस्त दरानं तापतात, पॅनल हीटर दिवसाच्या दरानं. त्यामुळे नवीन उपकरण बसवूनही श्रेणी घसरते. गॅस जोडणी नसेल, तर उष्णता जास्त काळ धरणारे नव्या पद्धतीचे स्टोरेज हीटर पाहा. आणि हीटरच्या करारावर सही करण्याआधी असेसरकडून नवे गुण काढून घ्या.

लॉफ्टमध्ये खनिज लोकर २७० मिमी हवी: १०० मिमी तुळयांच्या मध्ये, १७० मिमी त्यांच्यावर आडवी. वर थेट फळ्या ठोकल्या, तर लोकर दबते आणि तिचा उपयोग कमी होतो. फळ्या उंच पायांवर बसवा. वळचणीपाशी लोकर कोंबू नका, हवेला सुमारे ५० मिमी फट ठेवा, नाहीतर छताच्या लाकडावर पाणी साचतं. थंड पाण्याच्या टाकीखालची जागा मोकळी ठेवा, म्हणजे खालून येणारी ऊब तिला मिळते. टाकीच्या बाजू, झाकण आणि पाईप मात्र गुंडाळा, कारण इन्सुलेशननंतर लॉफ्ट आणखी थंड पडतो. झडपेच्या मागेही इन्सुलेशन आणि कडेला पट्टी लावा.

फटी बुजवण्याच्या भरात भिंतीतल्या हवेच्या जाळ्या बंद केल्या जातात. मग जमिनीखालची लाकडं कुजतात, खोलीत बुरशी धरते आणि दोष भाडेकरूवर येतो. आम्हाला हे फार अन्यायाचं वाटतं. जाळ्या उघड्या राहू द्या आणि न्हाणीघरातला पंखा खरोखर हवा बाहेर फेकतो का, हे कागदाचा तुकडा धरून तपासा.

खिडक्यांपासून सुरुवात करू नका. दुहेरी काचांना खर्चाच्या मानानं गुण थोडे मिळतात. गरम पाण्याच्या सिलिंडरला ८० मिमी जाकीट, त्याचा थर्मोस्टॅट, रेडिएटरचे टीआरव्ही (तापमानानुसार उष्णता कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह) आणि एलईडी दिवे यांपासून सुरू करा.

काम झालं तरी जुनं प्रमाणपत्र आपोआप बदलत नाही. ते १० वर्षं चालतं, म्हणून सुधारलेली श्रेणी दाखवायची तर नवीन मूल्यांकन करूनच घ्यावं लागतं.

व्हॅट धरून ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करूनही ई मिळत नसेल, तर सरकारी नोंदवहीत सूट नोंदवता येते. सर्वांत स्वस्त शिफारसच त्यापेक्षा महाग असेल, तर तीन ठेकेदारांची लेखी दरपत्रकं जोडा. ही सूट ५ वर्षं टिकते. घर विकलं की नव्या मालकाला ती मिळत नाही, त्यानं स्वतःची नोंद करायची.