शंभर किलोचा रस्ता, अडीच-अडीच किलोंनी

मी पहिल्यांदा जिममध्ये रॉड हातात धरला तेव्हा माझं वय ४७ होतं. आज ५२ आहे, वजन ६४ किलो, आणि गेल्या मंगळवारी डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहण्याच्या प्रकारात, ९२.५ किलो दोनदा उचलून ठेवले. मला १०० करायचे आहेत. आमच्या सांगलीत माझ्या वयाच्या बायका थांबवून विचारतात, ‘कसं सुरू करू, गुडघ्यांचं काय, आता या वयात झेपेल का?’ दर वेळी रस्त्यात उभ्याउभ्या अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांनाही हेच लागू आहे.

आधी एक आकडा ठरवा. ‘फिट व्हायचंय’ म्हटलं की काय करायचं ते कळत नाही आणि झालं की नाही तेही कळत नाही. माझा पहिला आकडा गॅसच्या सिलिंडरचा होता. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, लोखंडी टाकीचं वजन साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त, म्हणजे एकूण ३० किलोच्या आसपास. मुलगा पुण्याला गेल्यावर तो दारातून ओट्याखाली न्यायला मला शेजारच्या काकांना हाक मारावी लागायची. म्हणून ठरवलं: ३० किलो जमिनीवरून दहा वेळा. दोन महिन्यांत झालं. मग स्वतःच्या वजनाइतके, ६४. त्याला दीड वर्ष लागलं. आता १००. ध्येय असं पायरीपायरीनं लांबवा आणि मुदत वर्षांत धरा, महिन्यांत धरू नका.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या. ब्लडप्रेशर आणि शुगर तपासाच. पाळी गेलेल्या बायकांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणीही विचारून घ्यावी, कारण इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की हाडं भराभर झिजतात. माझा टी-स्कोअर, म्हणजे या चाचणीतला आकडा, उणे १.६ आला होता. उणे १ ते उणे २.५ यामध्ये आकडा आला की हाडं विरळ व्हायला लागली आहेत असं समजतात. दोन वर्षांनी पुन्हा चाचणी केली तेव्हा उणे १.५ आला. एवढा फरक मशीनच्या मोजमापातलाही असू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मला ते पटलं. पण आकडा आणखी खाली गेला नाही, एवढं माझ्यासाठी पुष्कळ आहे.

वय झालं म्हणून स्नायू आता वाढणार नाहीत, ही समजूत मात्र मनातून काढून टाका. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धांच्या एका संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीतल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे वाचल्यावर माझ्या सत्तेचाळिशीचं मला काही वाटेनासं झालं.

आता जिममध्ये गेल्यावर पहिलं काम: रॉडचं वजन करा. मी ज्या जिममध्ये सुरुवात केली तिथल्या लांब रॉडला सगळेच ‘वीसचा’ म्हणायचे. वर्षभरानं दुसऱ्या जिममध्ये गेले, नेहमीच्याच प्लेट लावल्या, आणि रॉड जमिनीवरून हलेना. मला वाटलं आपली ताकद गेली. तो आठवडा वाईट गेला. मग जुन्या ठिकाणी जाऊन रॉड उभा धरून वजनकाट्यावर उभी राहिले आणि त्यातून माझं वजन वजा केलं, तर तो १५ चा निघाला. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि बायकांचा १५ चा असतो, पण गावोगावच्या जिममध्ये कुठलाही रॉड असू शकतो. वहीत लिहिलेला आकडा खरा असायला हवा.

दुसरं, रॉडची उंची. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. आपल्याकडच्या ५ आणि १० किलोच्या लोखंडी प्लेट लहान असतात. त्या लावल्या की रॉड पार घोट्यापर्यंत खाली जातो, आणि नवख्या माणसाची पाठ वाकते ती इथेच. मी सुताराकडून दहा सेंटिमीटर उंचीचे दोन लाकडी ठोकळे करून घेतले आणि दोन्ही बाजूंच्या प्लेट त्यांवर टेकवल्या. माझ्या मते पन्नाशीतल्या कंबरेसाठी या ठोकळ्यांइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

उचलायचं कसं, ते सावकाश वाचा. पाय कमरेइतक्या अंतरावर, रॉड पावलाच्या मध्यावर, उभं राहिल्यावर नडगीपासून दोन बोटं लांब. वाकून रॉड धरा, मग गुडघे पुढे आणून नडगी रॉडला टेकवा. छाती वर, पाठ पोळपाटासारखी सपाट, हात दोरीसारखे ताठ. कोपरातून ओढू नका. पोटात श्वास भरून पोट घट्ट करा आणि पायांनी जमीन खाली ढकला. रॉड नडगी-मांडीला घासतच वर यायला हवा. माझी आजी विहिरीवर भरलेला हंडा उचलण्याआधी तो पायाशी ओढून घ्यायची, आणि मगच कंबरेवर घ्यायची. वजन अंगाजवळ, एवढंच त्यात आहे. वर आल्यावर मागे झुकायचं नाही, सरळ उभं राहायचं. श्वास कोंडल्यानं रक्तदाब क्षणभर बराच चढतो, म्हणून ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील त्यांनी वजन हलकं ठेवून वर येताना श्वास सोडावा, आणि डॉक्टरांना हे स्पष्ट विचारावं.

पायात पळायचे मऊ बूट नकोत, तळ दबतो आणि तोल जातो. साधे सपाट कॅनव्हासचे बूट किंवा अनवाणी. ओढणी घरी ठेवा, बांगड्या उतरवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कपड्याच्या आत पिनेनं अडकवा, खांद्यावरून रॉड वर ढकलताना ते अडकतं. हाताला घट्टे पडतील, पडू द्या, आंघोळीच्या वेळी वजरीनं हलके घासत जा म्हणजे सोलत नाहीत.

आठवड्यातून दोन दिवस पुरतात. माझे मंगळवार आणि शुक्रवार. आधी सोमवार होता, पण माझा सोमवारचा उपास असतो आणि साबुदाण्यावर वजन उचलणं काही खरं नाही, म्हणून दिवस बदलला. मंगळवारी डेडलिफ्ट आणि डोक्यावर रॉड ढकलणं, शुक्रवारी स्क्वॅट, म्हणजे खांद्यांवर रॉड घेऊन बैठका, आणि वाकून रॉड पोटाकडे ओढणं. प्रत्येकाचे पाच-पाच वेळांचे तीन सेट, डेडलिफ्टचे मात्र दोनच. त्याआधी रिकामा रॉड, मग निम्मं वजन, मग पाऊणपट. सेट संपला तेव्हा ‘आणखी दोन निघाले असते’ असं वाटायला हवं. दोन सेटमध्ये तीन-चार मिनिटं बसा. तरुण मुलं घाई करतील, त्यांना आधी करू द्या.

वाढवायचं किती? पंधरा दिवसांनी अडीच किलो, म्हणजे एका बाजूला सव्वा. हातांच्या व्यायामाला तेही जास्त होतं, महिन्यातून एकदा वाढवा. जिममध्ये सव्वाच्या प्लेट नसतील तर स्वतःच्या विकत घ्या, माझ्या पिशवीत कायम असतात. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात दोन प्रकार मिळून एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण जिंकणाऱ्याचे २४९ होते. एका किलोची किंमत सांगलीला त्या दिवशी कळली.

मला त्याआधीच, वेगळ्या तऱ्हेनं कळली होती. ४९ व्या वर्षी ६० किलो छान निघत होते. आजूबाजूची मुलं म्हणाली, ‘मावशी, तुम्हाला सत्तर सहज जातील.’ मी त्याच दिवशी सत्तर लावले. रॉड गुडघ्यापर्यंत आला आणि कंबरेत चमक भरली. तीन आठवडे खाली वाकून चप्पल घालता येत नव्हती. परत आले ती रिकाम्या रॉडवर, आणि ६० ला पोचायला चार महिने गेले. या वयात स्नायू लवकर तयार होतात, पण कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, आणि सांधे मागून सावकाश येतात. म्हणून दर पाचव्या आठवड्यात मी वजन साठ टक्क्यांवर आणते, बरं वाटत असलं तरी. दुसऱ्या दिवशी मांड्या दोन्हीकडे सारख्या ठणकल्या तर काळजी नाही. एकाच जागी टोचणारं दुखणं, पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या आल्या, की तिथेच थांबा आणि दाखवून या.

खाण्याचं थोडक्यात. आपल्याकडे साध्या माणसासाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगतात, वजन उचलणाऱ्यानं १.२ च्या पुढे जावं. माझे ७७ ग्रॅम होतात. भाजी-भाकरी-आमटीत ते कधीच भरत नव्हते, हे मोजल्यावर कळलं. आता सकाळी दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम, दुपारी मोठी वाटी मटकीची उसळ आणि दही, चार वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे, रात्री शंभर ग्रॅम पनीर, त्याचे १८, आणि झोपताना दूध. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनानं वाढवू नका. आणि झोप. सहा तासांपेक्षा कमी झोपले त्या दिवशी मी नवं वजन लावत नाही.

वहीत तारीख, वजन, किती वेळा आणि झोपेचे तास, एवढंच लिहा. वर्षातून दोनदाच कमाल वजन आजमावा. पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे स्क्वॅट-डेडलिफ्टसारख्या प्रकारांच्या स्पर्धेत, प्रत्येक प्रकाराला तीन संधी असतात आणि चाळिशीपुढे दर दहा वर्षांचा वेगळा गटही असतो. मी स्पर्धेला गेलेली नाही, पण पद्धत तीच वापरते: पहिली संधी अशी की आजारातून उठून आले तरी उचलेन, दुसरी आजवरच्या सर्वोत्तमाच्या थोडी पुढे, तिसरी ध्येयाची. कुणीतरी जाणकार बाजूला उभं हवंच.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारचे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत: ८५, ९५, १००. शंभर नाही निघाले तर ९५ लिहीन, आठवडाभर हलकं करीन, आणि पुन्हा ७० पासून अडीच-अडीचनं वर येईन.