मेलबर्नमध्ये एओडी वर्कर व्हायचंय? माझा सर्टिफिकेट फोरचा अनुभव

एओडी वर्कर म्हणजे दारू आणि इतर नशांच्या व्यसनात अडकलेल्यांबरोबर काम करणारी व्यक्ती. त्याच्या कोर्सला दुसऱ्याच आठवड्यात शिक्षिकेने टेबलावर लहानमोठे ग्लास मांडले, पाण्याचा जग ठेवला आणि म्हणाली, "घरी ओतता तेवढी ओता." मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण सांगलीला काका बसायचे तेव्हा बर्फ आणि शेंगदाणे नेऊन देणारी मीच, त्यामुळे हात त्यांच्यासारखाच सैल चालला. मापून पाहिलं तर माझा वाइनचा 'एक ग्लास' अडीच स्टँडर्ड ड्रिंकचा निघाला.

ऑस्ट्रेलियात स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग जवळजवळ तेवढाच भरतो. म्हणजे १८० मिलीची क्वार्टर झाली सहा. इथल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना निरोगी मोठ्या माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त १० आणि एका दिवसात जास्तीत जास्त ४ सांगतात. काकांची रोज एक क्वार्टर व्हायची, आणि घरात सगळे म्हणायचे, "घेतात थोडी." वहीच्या मागच्या पानावर मी आकडा मांडला : आठवड्याला ४२.

ही पदवी नाही, धंदेशिक्षण आहे. 'सर्टिफिकेट फोर इन अल्कोहोल अँड अदर ड्रग्ज', कोड सीएचसी४३२१५. सगळे नुसतं एओडी म्हणतात. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात सरकारी पैशावर चालणाऱ्या एओडी सेवेत क्लायंटबरोबर काम करायचं तर हीच किमान पात्रता धरतात. भारतातलं एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्राची पदवी हाताशी असेल तर अख्खा कोर्स करण्याआधी चौकशी करा, कारण संबंधित पदवीवाल्यांना यातली चार मुख्य युनिट्स पुरतात. माझं बी.कॉम. आणि सहा वर्षं पतपेढीतली नोकरी, त्यामुळे मला सगळाच करावा लागला. हा कोर्स फ्री टेफच्या, म्हणजे सरकार फी भरतं त्या कोर्सेसच्या यादीत होता, आणि माझ्याकडे पीआर (कायम राहण्याचा परवाना) असल्यामुळे ट्यूशन फी लागली नाही. स्टुडंट व्हिसावाल्यांना ही सवलत नाही, हे एजंट सांगेलच असं नाही. पोलिस चेक (गुन्ह्यांची नोंद तपासणं) आणि वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांच्या आसपास काम करण्याची परवानगी) यांचे अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. माझ्या वर्गातल्या एकीची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, फक्त कागद वेळेत न आल्याने पुढच्या सत्रात गेली.

लेखी काम जमतं हो. आपण पाठ करून आलेली माणसं. अडतं ते बोलण्यात.

पहिल्या रोलप्लेत वर्गातला एकजण क्लायंट झाला होता : चाळिशीचा ट्रकवाला, बायकोने घराबाहेर काढलेला. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. मी सुरू झाले : किती पितोस, कधीपासून, मुलं किती, त्यांचा विचार केलास का. शेवटी तर "आईला काय वाटत असेल?" हेही विचारून झालं. शिक्षिकेने रेकॉर्डिंग ऐकताना कागदावर रेघा ओढल्या होत्या. माझे एकतीस प्रश्न, त्यातले सत्तावीस 'हो-नाही'त संपणारे. शेरा : 'नॉट यट कॉम्पिटंट'. इथे नापास म्हणत नाहीत, पण पोटात गोळा तेवढाच येतो.

इथली पद्धत मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांची. माणसाला सोडायचीही असते आणि सोडायचीही नसते. तुम्ही 'सोड' बाजूने जोर लावलात की तो आपसूक दुसरी बाजू लढवतो. म्हणून त्याचंच वाक्य त्याच्यापुढे धरायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. आपल्या घरात शांतता पडली की कुणीतरी चहा टाकतं नाहीतर उपदेश करतं. दुसऱ्या खेपेला मी टेबलाखाली बोटांवर दहा मोजत बसले, आणि सातव्या बोटाला तो ट्रकवाला स्वतःहून बोलू लागला.

आपल्याकडे 'माळ घातली आणि सुटली' अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यांची थट्टा मला कधीच करवणार नाही. माळेबरोबर दिंडी मिळते, सोबत मिळते. पण ज्याची माळ तुटली त्याचं काय, याचं उत्तर गावाकडे नव्हतं. तो एकदम बेवडा. वर्गात मात्र पुन्हा पिणं हा बदलाच्या चक्राचाच भाग म्हणून फळ्यावर काढलेला असतो. 'बेवडा', 'गर्दुल्ला' यांचे इंग्रजी भाऊबंदही वर्गात चालत नाहीत : 'दारू पिणारी व्यक्ती' म्हणायचं. सुरुवातीला मला ही नाटकं वाटली. तसंच स्वच्छ सुया वाटण्याचं आणि नॅलोक्झोनचा (हेरॉइनसारख्या ड्रग्जचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा) स्प्रे नाकात कसा मारायचा ते शिकण्याचं. हे तर व्यसनाला खतपाणी, असं मी वर्गात उठून बोललेसुद्धा. मागच्या बाकावरचा पन्नाशीचा माणूस शांतपणे म्हणाला, "त्याच स्प्रेमुळे मी इथे बसलोय." मी खाली बसले.

प्लेसमेंट एका निवासी विड्रॉवल युनिटमध्ये झाली, म्हणजे जिथे राहून दारू-ड्रग्ज सोडतानाचे पहिले दिवस देखरेखीखाली काढतात. पहिल्या सकाळी एका बाईंना चहा दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत, बशीतून गाउनवर. मी कप धरायला हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "अर्धाच भर ना." तेव्हापासून मी कप अर्धेच भरते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दमात दारू बंद केली तर पहिल्या दोनेक दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमही होतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणूनच आपल्याकडे 'खोलीत कोंडून सोडवली' असं अभिमानाने सांगतात ते ऐकून मला आता धडकी भरते. औषधं आणि लक्षणांचं स्कोअरिंग नर्सकडे. सपोर्ट वर्करने बघायचं, सांगायचं, लिहायचं.

या लिहिण्यावरूनच माझी एकदा कानउघाडणी झाली. मी नोंद केली होती, 'क्लायंट पिऊन आला.' सुपरव्हायझरने ती परत केली : तू पिताना पाहिलंस का? डोक्याला मार लागलेला माणूस किंवा साखर उतरलेला मधुमेहीसुद्धा तसाच झोकांड्या देतो. मग लिहिलं : 'दारूचा वास येत होता, शब्द अडखळत होते, दाराच्या चौकटीला धरून उभा होता, वेळ ४.१०.' केस नोट उद्या कोर्टातही मागवली जाऊ शकते, तेव्हा दिसलं तेवढंच लिहा.

तुमच्याच घरात व्यसन होऊन गेलं असेल तर प्लेसमेंटआधी शिक्षिकेला सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. काकांच्या वयाचा एक गृहस्थ दाखल झाला त्या दिवशी मी स्टोअररूममध्ये चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसले होते. सुपरव्हिजन, म्हणजे कामाचा भार वरिष्ठांशी बोलून उतरवणं, कशासाठी असतं ते तेव्हा कळलं.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न सांगते : रिसेप्शनवर एकजण नशेत ओरडतोय, काय कराल? पाठ केलेल्या व्याख्या देऊ नका. मी म्हटलं, आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघेन, दुसऱ्या स्टाफला खूण करेन, आवाज खाली ठेवून नाव विचारेन, पाणी देऊ का म्हणेन. पॅनेलवरच्या बाईंनी फक्त मान हलवली. आठवड्याने फोन आला : कॅज्युअल, गरज पडेल तशी. पहिल्या महिन्यात चार शिफ्ट मिळाल्या, चारही शनिवारी रात्रीच्या.