२५ मीटरचं .२२ पिस्तूल: ब्रँड शेवटी बघा

पिस्तुलाच्या ब्रँडचा विषय निघाला की ग्लॉक, सिग सावर, बेरेटा ही नावं सगळ्यात आधी येतात, आणि पुण्यातल्या नेमबाजाला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. त्यांची गाजलेली मॉडेलं बहुतेक ९ मिमीची. ९ मिमी पॅराबेलम आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडतं आणि साध्या परवान्यावर मिळत नाही. स्वसंरक्षणाचं .३२ हा वेगळा विषय. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातल्या २५ मीटर रेंजवर उभं राहायचं असेल, म्हणजे ज्या प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण घेतलं त्या प्रकारात, तर पिस्तूल हवं .२२ एलआरचं ('लाँग रायफल' या छोट्या काडतुसाचं), पाच गोळ्यांच्या मॅगझिनचं, सेमी-ऑटोमॅटिक. निवड इथूनच सुरू होते.

आधी कागद. परवाना तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरतो: पुणे शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडमध्ये तिथलं आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शस्त्र नियम २०१६ मध्ये नेमबाजांचे वेगवेगळे वर्ग आहेत (ज्युनियर टार्गेट शूटर, अॅस्पायरिंग शूटर, रिनाउंड शूटर वगैरे). किती शस्त्रं, किती काडतुसं आणि आयातीची मुभा हे तुम्ही कोणत्या वर्गात बसता त्यावर अवलंबून. या प्रकाराची पिस्तुलं परदेशी असल्यानं वर्ग ठरायच्या आत पिस्तूल पसंत करणं म्हणजे बाजारात तुरी. तोवर क्लबच्या पिस्तुलावर हात बसवा. तेही १० मीटर एअर पिस्तुलाचा पाया झाल्यावर.

'भरवशाचं' म्हणजे काय, हे स्पर्धेच्या घड्याळावरून कळतं. २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद समोर येतं, ७ सेकंद लपतं. प्रत्येक वेळी हात ४५ अंशांवरून उचलायचा आणि एकच गोळी मारायची, अशा पाच. तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा, पिस्तुलाला हात लावायचा नाही. बिघाड मान्य की अमान्य हे अधिकारी बघून ठरवतात. सवयीनं बोल्ट (गोळी आत ढकलणारा, मागं-पुढं सरकणारा भाग) ओढलात, सेफ्टी काढायला विसरलात किंवा गोळ्या कमी भरल्या असतील, तर बिघाड अमान्य आणि न मारलेल्या गोळ्या शून्य. मान्य बिघाडाची सवलतही मोजकीच. त्यामुळे ०.१ मिमी जास्त अचूक पिस्तुलापेक्षा न अडकणारं पिस्तूल जास्त गुण देतं. आणि अचूकतेत या वर्गातली सगळीच पिस्तुलं तुमच्या हातापेक्षा पुढं असतात.

रेंजवर फिरणारी मुख्य नावं तीन. इटलीचं पार्दिनी एसपी, जर्मनीच्या उल्मचं वॉल्थर (जुनं जीएसपी, मग एसएसपी, आता जीएसपी ५००) आणि स्वित्झर्लंडचं मोरिनी सीएम २२ एम. तिन्ही साध्या ब्लोबॅक तत्त्वावर चालतात. बोल्टला कुलूप नसतं, गोळी उडाली की वायूचा दाब खोका (काडतुसाचं रिकामं कवच) मागं ढकलतो, आणि त्याला आवरायला फक्त बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं. पार्दिनीत आणि जीएसपीत मॅगझिन ट्रिगरच्या पुढं असतं. त्यामुळे ग्रिपची जागा फक्त हातासाठी मोकळी राहते आणि ग्रिप हवी तशी घासता येते.

पार्दिनीचा झटका मऊ, आणि तो मऊ ठेवणारी वस्तू म्हणजे बोल्टच्या मागचे रबरी बफर. पार्दिनी 'अचानक बिघडलं' अशी तक्रार आली की आधी बफर काढून बघावेत. रबर चपटं झालं, चिरलं किंवा तेलानं फुगलं की बोल्टचा वेग बदलतो, खोके नीट फेकले जात नाहीत आणि धातूवर धातू आदळायला लागतो. दीड-दोन हजार गोळ्यांनी बफर तपासा आणि शंका आली की बदला. दोन जोड कायम बॅगेत असावेत.

जीएसपीचं वैशिष्ट्य ट्रिगर. अख्खा संच एका ठोकळ्यासारखा बाहेर निघतो, त्यामुळे साफ करणं किंवा दुरुस्तीला पाठवणं सोपं. १९६० च्या दशकाच्या अखेरीची ही रचना आजही रेंजवर चालताना दिसते, यातच तिचं काय ते प्रशस्तिपत्र. वजनाचा तोल नळीच्या टोकाकडे आहे, मनगट नाजूक असेल तर दुसरी सिरीज (पाच गोळ्यांची फेरी) संपेपर्यंत जाणवतं. मोरिनी हातात खाली बसतं आणि अनेकांना उत्तम भावतं. पण पुण्यात ते चालवणारे तुमच्या रेंजवर कितीजण आहेत, हे आधी मोजा.

हा प्रश्न आम्ही ब्रँडच्या आधी ठेवतो. फायरिंग पिन (काडतुसावर आदळून गोळी उडवणारी पिन) तुटली तर सुटा भाग किती दिवसांत येईल? रेंजवर त्याच मॉडेलचे आणखी दोघं-तिघं असतील तर मॅगझिन, बफर, एक्स्ट्रॅक्टर (रिकामा खोका बाहेर ओढणारी नखी) उसने मिळतात आणि उघडून बघणारा माणूसही मिळतो. कॅटलॉगमधला सर्वोत्तम ब्रँड आणि सहा आठवडे कस्टममध्ये अडकलेला एक्स्ट्रॅक्टर, ही जोडी काही कामाची नाही.

ट्रिगरबद्दल एवढंच: पहिलं पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचं घ्या. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा स्पर्श स्वच्छ असतो, पण बॅटरी आणि संपर्कबिंदू या दोन जादा काळज्या. २५ मीटरला ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतो. तो १०३० ते १०५० वर ठेवा, म्हणजे तपासणीत वजन उचललं गेलं नाही ही नामुष्की टळते. सोबत पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमच्या आत, आणि ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत ते बसलं पाहिजे. ग्रिपला स्वतः पुट्टी लावणाऱ्यांची पेटीशी गाठ हमखास पडते.

आता गोळ्या. .२२ रिमफायर (ज्यात पिन काडतुसाच्या कडेवर आदळते) पिस्तुलाच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक इथल्या किंवा मॅगझिनच्या असतात. ४० ग्रेनची, साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाची 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' गोळीच वापरा. एसके, इली, लापुआ, आरडब्ल्यूएस, सीसीआय स्टँडर्ड या नेहमीच्या. 'हाय व्हेलॉसिटी' गोळी स्वस्त मिळाली तरी नको, ती बोल्टला आणि फ्रेमला ठोकत राहते. महाग रायफल-गोळी पिस्तुलात उत्तम चालेलच असं नाही. सपाट नाकाची गोळी काही मॅगझिनमधून चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेच्या) कडेला अडते, तिथं गोल नाकाची सहज सरकते. एकाच ब्रँडचे दोन लॉटही वेगळे वागतात, म्हणून एक लॉट पसंत पडला की परवान्याच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम घ्या.

घेण्याआधीची परीक्षा अशी. पिस्तूल साफ करा, सगळ्या मॅगझिनना पेंटनं १, २, ३, ४ आकडे टाका (चारपेक्षा कमी मॅगझिन असतील तर किंमत तेवढी पाडून मागा). तीन प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकी १००, म्हणजे पाच-पाचच्या ६० सिरीज. मध्ये साफसफाई नाही. प्रत्येक अडथळ्याला वहीत तीन गोष्टी: मॅगझिनचा आकडा, गोळीचा प्रकार, कितवी गोळी. अडथळे एकाच आकड्यावर जमले तर दोष मॅगझिनचा, बहुधा वाकलेल्या ओठांचा किंवा थकलेल्या स्प्रिंगचा. एकाच प्रकारच्या गोळीवर जमले तर गोळी बदला. सगळीकडे विखुरले आणि दुसऱ्या शंभरानंतर वाढत गेले, तर चेंबर किंवा एक्स्ट्रॅक्टर. तीनशेत एखादा अडथळा कारण सापडत असेल तर चालेल. कारण न सापडलेले तीन असतील तर पिस्तूल परत द्या, नाव कितीही मोठं असो.

बिघाड वाचायलाही शिकावं लागतं. रिकामा खोका खिडकीत उभा चिमटला, तर गोळी कमजोर, चेंबर मळलेला किंवा एक्स्ट्रॅक्टरची नखी झिजलेली. गोळी वर आली पण आत गेली नाही, तर मॅगझिन भरताना एकीची कड दुसरीच्या मागं अडकली असेल. प्रत्येक गोळी मागं दाबून बसवली की हे थांबतं. घोडा पडला पण गोळी उडाली नाही, तर नळी लक्ष्याकडे धरून ३० सेकंद थांबा, मग काढा आणि कडेवरचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर दोष गोळीचा. उथळ असेल तर पिन मळलेली किंवा बोल्ट पूर्ण मिटलेला नाही. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या तर तिथंच थांबायचं, त्या दिवशी ते पिस्तूल पुन्हा भरायचं नाही.

रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढत सराव करू नका, म्हणजे ड्राय फायरची सोय असेल किंवा डमी गोळी घातली असेल तरच करा. नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथं खळगा पाडते, आणि मग खोके चिकटायला लागतात. जुनं पिस्तूल घेताना टॉर्च मारून ही कड आधी बघा, मग बोल्टच्या तोंडावरच्या चिरा. आयात केलेल्या पिस्तुलाच्या पुनर्विक्रीबद्दल पैसे देण्याआधी परवाना शाखेत विचारून घ्यावं.

पुण्याच्या हवेचा हिशेब वेगळा. डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना गोळीवरचं मेण घट्ट होतं, बोल्ट सुस्त चालतो, म्हणून तेल नेहमीपेक्षाही कमी, एक थेंब. मे महिन्यात गोळ्यांचा डबा गाडीच्या डिकीत ठेवलात तर मेण वितळून एका बाजूला जातं. जूनपासून फोमच्या पेटीत पिस्तूल ठेवू नका, फोम ओल धरतो. कोरड्या फडक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि तेलाचा सोस नको. तेल, मेण आणि काजळी यांची खळ होते आणि ती नेमकी फीड रॅम्पवर (गोळी चेंबरमध्ये चढवणाऱ्या उतारावर) बसते. चेंबर आणि बोल्टचं तोंड दर सरावानंतर, नळी साधारण ५०० गोळ्यांनी.

टोकियोत जुलै २०२१ मध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, वेळ गेला आणि ५७५ गुणांवर अंतिम फेरी हुकली. म्हणून बॅगेत: एक जादा मॅगझिन स्प्रिंग, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग, बफरचे दोन जोड, त्याच मापाच्या अॅलन की, आणि पसंत लॉटच्या ५० गोळ्या वेगळ्या पाकिटात, ज्यांना सरावात हात लावायचा नाही.