सातबारावाल्यांसोबत बायबलातलं लेवीय 25 कसं वाचायचं

तासगाव-मिरजेकडं घरच्या प्रार्थनेत जमिनीचा विषय घेणार असाल तर आधी लेवीय 25:23 वाचा, देव सरळ म्हणतो जमीन माझी आहे, ती कायमची विकायची नाही, तुम्ही माझ्याकडं उपरे. मग 15-16 वचनं, इथं घाई करू नका, कारण खंडानं रान देणाऱ्यांना हे लगेच कळतं: 50व्या वर्षाच्या योबेलपर्यंत (त्या वर्षी जमीन मूळ मालकाकडं परत जायची) जितकी पिकं उरलीत तेवढीच किंमत, म्हणजे विकायची ती पिकं, रान नाहीच! सातव्या वर्षाचा विसावा (त्या वर्षी रान पडीक ठेवायचं) ऊसवाल्यांशी जरूर बोला. नाबोथाचा द्राक्षमळा (1 राजे 21, अहाब राजानं बळकावलेला वाडवडिलांचा मळा) शेवटी घ्या, द्राक्षबागायतदारांना तो फार लागतो. बांधावरनं भांडणारे भाऊ बसले असतील तर प्लीज सगळ्यांसमोर त्यांचा विषय काढू नका, नंतर घरी जाऊन भेटा.