ट्रान्स मुलांच्या आकड्यांचा फॉरवर्ड आला तर कसा वाचायचा

सांगलीत तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता लेकीकडे इंग्लंडमधल्या रेडिंगला असते. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर ‘मोबाइलमुळे पोरं ट्रान्स होताहेत’ (म्हणजे जन्मतः नोंदलेलं लिंग त्यांना आपलं वाटत नाही) असं काही आलं की मी आधी पेन्सिल शोधते.

काय मोजलंय ते बघा. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी असलेल्या टॅव्हिस्टॉक क्लिनिककडे २०११-१२ मध्ये २५०हून थोडी कमी मुलं पाठवली गेली. २०२१-२२ पर्यंत आकडा ५०००वर गेला. पण ही क्लिनिककडे पाठवलेली मुलं. समाजात एकूण किती, हे त्यातून कळत नाही.

मग, विचारलं कुणाला? मित्रमैत्रिणी आणि इंटरनेटच्या प्रभावानं मुलं अचानक स्वतःला ट्रान्स म्हणू लागतात, अशी शंका अमेरिकन संशोधक लिसा लिटमन यांनी २०१८च्या गाजलेल्या पेपरात मांडली. त्यात २५६ पालकांची उत्तरं आहेत, मुलांपैकी एकाचंही नाही. पालक मिळवले तीन वेबसाइटींवरून, जिथे हीच शंका आधीपासून चघळली जात होती. (असा नमुना माझ्या विद्यार्थ्यानं आणला असता तर वही परत केली असती.) २०१९ मध्ये दुरुस्ती छापली गेली: हे ‘अचानक ट्रान्स होणं’ म्हणजे मान्य वैद्यकीय निदान नव्हे.

‘मुलं वाढली नाहीत, फक्त आता उघड बोलतात’ म्हणणाऱ्या उलट बाजूलाही तेच माप लावा. शाळेत माझ्या डाव्या हातावर पट्टी बसायची; धाक गेला तसे डावखुरे ‘वाढले’. दाखला चांगला आहे, पण जन्मतः मुलगी म्हणून नोंदलेल्यांचंच प्रमाण इतकं का वाढलं, हे त्यानं उलगडत नाही. इंग्लंडमधल्या या सेवांची तपासणी करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४च्या अहवालातही एकच एक कारण नाही.

मूल घरातलंच असेल, तर पेन्सिल खाली ठेवा. ‘कुणी शिकवलं?’ऐवजी ‘कधीपासून वाटतंय?’ विचारा, आणि चहा गार झाला तरी ऐकत राहा.