हवेच्या नकाशात अंदाज कुठे कच्चा आहे, ते कसे दाखवायचे

अंबाझरी, रामनगर, सिव्हिल लाइन्स आणि महाल. हवा मोजणाऱ्या या चार स्वयंचलित केंद्रांच्या आकड्यांवरून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत अख्ख्या नागपूरचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, नकाशा दोन मिनिटांत रंगतो. त्यात केंद्र नसलेल्या पारडी-कळमन्याचा रंगही महालाइतकाच ठाम दिसतो आणि तिथे राहणारा माणूस तो खरा धरून चालतो. हे टाळायलाच हवे.

आधी २४ तासांची सरासरी काढा. १६ तासांपेक्षा कमी नोंदी असतील, तर त्या दिवसापुरते ते केंद्र गाळा. केंद्रांचे बिंदू ईपीएसजी ३२६४४ या निर्देशांक-पद्धतीत आणा, म्हणजे अंतरे मीटरमध्ये मिळतील. रास्टरचा, म्हणजे चौकोनी जाळीच्या नकाशाचा, चौकोन १ किलोमीटरचा पुरे. १०० मीटरचा घेतल्याने माहिती वाढत नाही, फक्त नकाशा गुळगुळीत दिसतो.

केंद्रांमधल्या जागेचा अंदाज काढायच्या दोन पद्धती आहेत. आयडीडब्ल्यू, म्हणजे जवळच्या केंद्राला जास्त वजन देणारी सरासरी, आकडा देते, चूक किती ते सांगत नाही. क्रिगिंग ही सांख्यिकी पद्धत सांगते, पण तिला लागणारा व्हेरिओग्राम, म्हणजे अंतराप्रमाणे आकड्यांतला फरक कसा वाढतो त्याचा आलेख, चार बिंदूंवर धड बसत नाही. शिवाय तिची चूक केंद्रांच्या मांडणीवरून ठरते. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा धूर वाऱ्याने कुठे वळवला, हे तिला कळत नाही. त्यापेक्षा एकेक केंद्र झाकून उरलेल्या तिघांवरून त्याचा अंदाज काढा आणि खऱ्या नोंदीशी ताडा. वर्षभर, रोज. हिवाळ्याच्या चुका वेगळ्या ठेवा: थंडीत हवा जमिनीलगत कोंडते, आकडे चढतात तशा चुकाही वाढतात. त्यात पावसाळा मिसळला की हिवाळ्याची चूक खोटीच लहान दिसते. आणि ही चूक केंद्रांच्या आसपासची. पारडीकडे ती निदान एवढी तरी आहेच असे धरा.

समजा एका चौकोनाचा अंदाज ६२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि त्याची प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकतो ते) १५ आली. ९० टक्के खात्रीचा पट्टा ३७ ते ८७. म्हणजे हवा ‘समाधानकारक’ की ‘मध्यम’, ते ठरत नाही. अशा चौकोनावर तिरप्या रेघा मारा. रंग फिका करू नका. फिका रंग लोक स्वच्छ हवा म्हणून वाचतात. केंद्रांच्या घेऱ्याबाहेर राखाडीच ठेवा. ६० ची २४ तासांची मर्यादा ओलांडण्याची शक्यता वरच्या उदाहरणात ५५ टक्के निघते. या शक्यतेचा वेगळा नकाशा जोडलात तर तो सर्वात लवकर समजतो.

स्वस्त सेन्सर जोडायचे असतील, तर किमान दोन आठवडे केंद्राशेजारी ठेवून ताडा. दमट हवेत कण ओलाव्याने फुगतात आणि सेन्सर आकडा चढा दाखवतो, म्हणून मे महिन्यात बसवलेली आकड्यांची दुरुस्ती जुलैत पुन्हा करा.